नवऱ्याची बादली आणि उलटतपासणी: विनोदी कोर्टकथा वाचून बरं का वाटतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवसभराचं ऑफिस आणि दोन वेळची लोकल झाल्यावर रात्री रहस्यकथा हातात घेतली की धडधड वाढते, झोप उडते. पण कोर्टात घडणारी, हसवत पुढे नेणारी रहस्यकथा घेतली तर मन निवतं. गुन्हा तर दोन्हीकडे असतो, मग फरक कशाने पडतो? अशा गोष्टी निवडाव्या कशा, वाचाव्या कशा? आणि मुंबईच्या कोर्टावर बेतून मराठीत एखादी लिहायची झाली तर कुठे चुकतं?

बरं वाटण्याचं मूळ कोर्टाच्या कामकाजाच्या क्रमात आहे. विनोदसुद्धा त्या क्रमाच्या टेकूवरच उभा राहतो. साक्षीदार पिंजऱ्यात आला की ज्या बाजूने त्याला बोलावलं ती बाजू आधी विचारते, ती सरतपासणी. मग समोरची बाजू उलटतपासणी घेते. त्यातून काही गोंधळ उरला तर पहिली बाजू फेरतपासणीत तो साफ करते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा क्रम होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी क्रम तोच आहे. सरतपासणीत उत्तर तोंडात घालणारा सूचक प्रश्न सहसा चालत नाही, उलटतपासणीत चालतो. म्हणजे कोण कधी बोलणार, किती मोकळेपणाने विचारणार, कोण कधी गप्प बसणार, हे सगळं आधीच ठरलेलं असतं.

आता सोसायटीची वार्षिक सभा आठवा, किंवा घरातलं वाटणीचं भांडण. पाच जण एकदम बोलतात, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत कोणी देत नाही. दिवसभर हेच सोसून आलेल्या माणसाला कोर्टकथेत अशी एक खोली सापडते जिथे एका वेळी एकच जण बोलतो, विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागतं आणि दिलेलं उत्तर लिहून घेतलं जातं. आपलं म्हणणं कोणीतरी लिहून घेतंय, यात फार मोठा दिलासा आहे. वाचक स्वतः पिंजऱ्यात नसला तरी तो दिलासा त्याला मिळतो.

दुसरं कारण काळाचं. थरारकथेत पुढचा बळी अजून पडायचा असतो, म्हणून प्रत्येक दरवाज्याच्या आवाजाला वाचकाचं अंग आखडतं. कोर्टकथेत जे वाईट व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पंचनामा झाला, मुद्देमाल सीलबंद पाकिटात पडला, पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल लागलं. आता फक्त मागे वळून बघायचं आहे. उत्सुकता तेवढीच राहते, पण ती ‘काय होईल’ची नसून ‘काय झालं होतं’ची असते. झोपायच्या आधी डोक्याला ही दुसरी उत्सुकता झेपते.

आणि जागा एकच. पाठलाग नाही, अंधारी गल्ली नाही. न्यायाधीशांचा उंच मंच, खाली शिरस्तेदार आणि लघुलेखक, एका बाजूला साक्षीदाराचा पिंजरा, मागे आरोपी, त्याच्याही मागे तारखेची वाट बघणारे लोक. दोन प्रकरणं वाचली की ही खोली वाचकाच्या ओळखीची होते आणि तो तिथे आपल्या जागेवर जाऊन बसतो.

आता विनोदाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. कोर्टातला चांगला विनोद बहुतेक वेळा एकाच फटीतून येतो: माणूस बोलतो ती भाषा आणि नोंदीत उतरते ती भाषा यांच्यामधल्या. मुंबईच्या कोर्टांत साक्षीदार पुष्कळदा मराठीत किंवा हिंदीत बोलतो आणि न्यायाधीश ते ऐकून लघुलेखकाला इंग्रजीत वाक्य सांगतात. साक्षीदार पाच मिनिटं पावसाचं, गुडघेदुखीचं, शेजारणीच्या सुनेचं सांगत राहतो आणि नोंदीत एकच वाक्य येतं: ‘मला आठवत नाही.’ नोंद मराठीत होत असली तरी साचा ठरलेलाच. उलटतपासणीच्या शेवटी वकील आपल्या बाजूचं म्हणणं साक्षीदाराला सुचवतात, तो नाकारतो, आणि कागदावर उतरतं, ‘हे म्हणणे खरे नाही की मी आज खोटी साक्ष देत आहे.’ पोलिसांच्या जबाबात एखादी गोष्ट नसेल तर उत्तर असतं, ‘पोलिसांनी ते का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ ज्यांनी चार साक्षी वाचल्या आहेत त्यांना ही वाक्यं पाठ असतात. लेखकाला यात काहीही वाढवावं लागत नाही. नेमकी नोंद नेमक्या बोलण्याशेजारी ठेवली की वाचक आपोआप हसतो, आणि त्या हसण्यात कोणाचा अपमान होत नाही.

पण विनोद नुसता करमणुकीला आलेला असेल तर ती कथा मधल्या प्रतीची समजावी. पहिल्या प्रतीच्या कथेत विनोदाच्या पोटात पुरावा असतो. हे उदाहरणानेच कळेल.

समजा, गिरगावातली चाळ आहे. गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची पेटी पहाटे चोरीला गेली. अध्यक्षांनी फिर्याद दिली. आरोपी म्हणून तळमजल्यावरचा एक तरुण उभा आहे. खटला गिरगाव कोर्टात दंडाधिकाऱ्यांसमोर चालतो, कारण साधी चोरी सत्र न्यायालयात जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई सांगतात, सहाच्या सुमाराला पाणी भरताना आरोपीला पिशवी घेऊन जिना उतरताना पाहिलं. या बाईंचे पती मंडळाचे खजिनदार आहेत. पोलिसांना दिलेल्या जबाबात पतीने म्हटलंय, ‘मी साडेसातला उठलो, तेव्हा आरडाओरडा ऐकू आला.’ उलटतपासणी सुरू होते.

‘बाई, त्या दिवशी किती भांडी भरलीत?’

‘दोन हंडे, चार कळश्या, एक पिंप.’

‘बस, एवढंच?’

‘ह्यांची बादली असते. ती मी भरत नाही. ह्यांची बादली ह्यांनीच भरायची, लग्नापासून तसंच आहे.’

कोर्ट हसतं. सरकारी वकील उठून म्हणतात, प्रश्न गैरलागू आहे. दंडाधिकारी विचारतात, ‘वकीलसाहेब, बादलीचा आरोपाशी काय संबंध?’ बचावाचे वकील एवढंच म्हणतात, ‘साहेब, उत्तर नोंदीत राहू द्यावं.’ नोंद होते: साक्षीदाराचे पती स्वतःची बादली स्वतः भरतात. मग पुढचे प्रश्न.

‘त्या दिवशी बादली भरलेली होती?’

‘होती की. मोरीत पाय ठेवायला जागा नव्हती.’

‘आदल्या दिवशीचं पाणी असेल.’

‘शिळं पाणी आम्ही ठेवत नाही. रात्रीच तुळशीला, झाडांना घालते.’

‘घरात आणखी कोण असतं?’

‘आम्ही दोघंच.’

‘पाणी किती वाजता जातं?’

‘पावणेसातला. एक मिनिट इकडे तिकडे नाही.’

वकील खाली बसतात.

वाचक नवऱ्याच्या बादलीवर हसला आणि पुढे गेला. हसताना माणूस सैल होतो, आणि नेमक्या त्या क्षणी लेखकाने पुरावा त्याच्या हातात ठेवला. पाणी पावणेसातला जातं, बादली भरलेली होती, ती बाई भरत नाहीत, शिळं पाणी राहत नाही, घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे खजिनदार पावणेसातच्या आधी उठून नळावर आले होते. साडेसातपर्यंत झोपलो होतो, हा त्यांचा जबाब खोटा आहे. आणखी एक बारकावा असा की एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना पुढच्या साक्षीदारांना सहसा बाहेर थांबवतात. तेव्हा बादलीचं बोलणं झालंय हे व्हरांड्यात उभ्या असलेल्या खजिनदारांना ठाऊक नाही. त्यांच्या नावाचा पुकारा होतो आणि वाचकाला कळतं की ही बादली आता त्यांची वाट बघत बसली आहे.

यातले शेवटचे प्रश्न नीट बघा. शिळ्या पाण्याचा प्रश्न विचारला नसता तर सरकारी वकिलांनी फेरतपासणीत ‘आदल्या दिवशीचं पाणी असेल का?’ हे उकरून काढलं असतं. घरात कोण असतं हे विचारलं नसतं तर मुलाने भरली असेल, अशी पळवाट राहिली असती. आणि जो प्रश्न विचारला नाही तोही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘म्हणजे तुमचे यजमान पावणेसातच्या आधीच जागे होते, बरोबर?’ असं विचारलं की बाई सावध होऊन म्हणतील, ‘त्या दिवशी मीच भरली असेन.’ केलेलं सगळं वाया. एक प्रश्न जास्त विचारणं ही उलटतपासणीतली सगळ्यांत जुनी चूक, आणि कथेतला वकील ती टाळतो तेव्हा वाचकाला जे समाधान मिळतं ते एखादं नाजूक काम नीट पार पडताना बघण्याचं असतं. मला विचाराल तर या प्रकारच्या वाचनातला सर्वांत खोल आनंद हाच आहे. न्याय वगैरे नंतर.

निवडताना म्हणूनच पहिली पंधरा-वीस पानं याच नजरेने चाळावीत. प्रश्न-उत्तरांचं एक तरी पान लागलं पाहिजे. उत्तरात वेळ, अंतर किंवा एखादी वस्तू आली पाहिजे. विनोद कोणावर आहे ते बघा. अधिकाराच्या तोऱ्यावर, नियमाच्या अट्टाहासावर, शब्दांच्या घोळावर असेल तर पुस्तक घ्या. साक्षीदाराच्या गावठी उच्चारावर, गरिबीवर किंवा मेलेल्या माणसावर असेल तर ठेवून द्या. तसल्या पुस्तकाने रात्री बरं वाटत नाही, आणि तसा लेखक पुढे कोड्यातही आळस करतो. लैंगिक अत्याचाराचा खटला विनोदी कथेत नकोच. कायदासुद्धा अशोभनीय आणि अपमान करण्यासाठी विचारलेले प्रश्न थांबवण्याचा अधिकार न्यायालयाला देतो. लेखकाने त्याहून सैल राहू नये.

नावंच हवी असतील तर इंग्रजीत जॉन मॉर्टिमर यांच्या रम्पोलपासून सुरुवात करावी. मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर होते. रम्पोल आधी १९७५ मध्ये दूरदर्शन नाटकात आला आणि १९७८ पासून पुस्तकांत. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात सहसा आरोपीचीच बाजू घेणारा, बढतीची पर्वा नसलेला हा म्हातारा वकील दीर्घकथांमधून भेटतो, त्यामुळे एका बैठकीत एक प्रकरण संपतं. नवख्याला हा आकार सोयीचा. सेरा कॉडवेल यांच्या चारच कादंबऱ्या आहेत. त्याही बॅरिस्टर होत्या. त्यांची कोडी पत्रव्यवहार, करकायदा आणि मृत्युपत्रांतून सुटतात आणि निवेदन करणारी व्यक्ती बाई की पुरुष हे चारही पुस्तकांत कळत नाही. भाषा मात्र दाट आहे, ती शनिवार-रविवारसाठी ठेवावी. अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचा वकील पेरी मेसन १९३३ पासूनचा. तो विनोदी नाही, पण उलटतपासणीतून गाठ कशी सुटते याचा सांगाडा इतका उघडा दुसरीकडे दिसत नाही, म्हणून दोन-तीन वाचाव्यात.

मराठी माणसाला ही चव नवी नाही. आचार्य अत्र्यांचं १९६२ चं ‘तो मी नव्हेच’ हे नाटक म्हणजे एक आख्खा खटलाच आहे. प्रभाकर पणशीकरांनी त्यात लखोबा लोखंडे या एकाच भामट्याची पाच रूपं उभी केली आणि फिरत्या रंगमंचामुळे कोर्ट आणि साक्षीतला प्रसंग आलटून पालटून समोर येत राहिले. प्रेक्षक लखोबाच्या हजरजबाबीपणावर हसतो, पण फसवल्या गेलेल्या बायकांच्या साक्षीने तेच हसू घशात अडकतं. आणि तरीही नाटक सोसवतं, कारण लखोबा कितीही बोलला तरी पुढच्या साक्षीदाराला बोलावलं जातं. क्रम थांबत नाही. वर म्हटलेला दिलासा तो हाच.

हेच मुंबईच्या दगडातही कोरलेलं आहे. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका खांबावर हातात तराजू घेतलेलं माकड आहे, आणि त्याच्या एकाच डोळ्यावर पट्टी आहे. न्यायदेवतेचे दोन्ही डोळे झाकलेले, याचा एक उघडा. कोणा नाराज कंत्राटदाराने ते मुद्दाम कोरून घेतलं असं सांगतात. कथा खरी असो वा नसो, ते माकड तिथून कोणी काढलं नाही, ही गोष्ट विनोदी कोर्टकथेच्या लेखकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वाचण्याची पद्धत. पानाला साधारण २५० शब्द धरले तर ४० पानांची कथा १०,००० शब्दांची होते. मिनिटाला १८० शब्द अशा निवांत वेगाने तिला ५५ मिनिटं लागतात, म्हणजे धीम्या लोकलने ठाण्याहून सीएसएमटीला जाताना, बसायला जागा मिळाली तर, जवळजवळ पूर्ण होते. पण तुकडे पाडायचेच असतील तर ते साक्षीदाराच्या हद्दीवर पाडावेत. सरतपासणी संपली तिथे थांबलं तर चालतं. उलटतपासणीच्या मधोमध कधीही थांबू नये. दहा-बारा पानांच्या उलटतपासणीला चौदा ते सतरा मिनिटं लागतात. उतरायला तेवढी उरली नसतील तर पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघावं. मध्येच सोडलेली उलटतपासणी दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून वाचावी लागते, कारण प्रश्नांचा जोर एकामागून एक येण्यात असतो. पुष्कळांना कोर्टकथा ‘कंटाळवाणी’ वाटते तिचं कारण दर वेळी हेच निघतं: ती फोनवर, पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत वाचलेली असते.

जवळ एक चिठ्ठी ठेवावी. तीन रकाने पुरतात: कोण बोललं, कोणत्या वेळेबद्दल बोललं, आणि त्याला ते कसं कळलं. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. स्वतः पाहिलं, ऐकलं, की दुसऱ्याने सांगितलं? दुसऱ्याने सांगितलेलं असेल तर ज्याने सांगितलं तो पिंजऱ्यात का आला नाही, हा प्रश्न लिहून ठेवा. निम्म्या कोड्यांचा दोरा तिथे असतो. आणि हसू आलेल्या प्रत्येक उत्तरावर पेन्सिलीची बारीक खूण करा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर खूण चिठ्ठीवरच, पान क्रमांकासह. बचावाचा शेवटचा युक्तिवाद सुरू होण्याआधी पाच मिनिटं थांबून फक्त त्या खुणा परत वाचा. ज्या विनोदात वेळ, अंतर किंवा वस्तू आहे त्यापाशी रेंगाळा. उत्तर चुकलं तरी काही बिघडत नाही, पण हे पाच मिनिटांचं थांबणं टाळलं तर अर्धी मजा जाते. झोपण्यासाठी वाचत असाल तर मात्र चिठ्ठी नको. तेव्हा आधी वाचलेली कथाच पुन्हा घ्यावी. शेवट माहीत असताना उलटतपासणी वाचण्यात वेगळीच शांतता आहे, कारण बादली कधी येणार हे आपल्याला ठाऊक असतं. पुस्तकं विकत घ्यायची तर हुतात्मा चौकाजवळचे फुटपाथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल पालथं घालावं. जुन्या मराठी रहस्यकथांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखं १८९८ पासून चालत आलेलं वाचनालय अधिक उपयोगी.

आता लिहिण्याबद्दल. मराठीत मुंबईच्या कोर्टावर लिहिताना बहुतेक चुका सिनेमातून येतात. आपल्या कोर्टात न्यायाधीश लाकडी हातोडा आपटत नाहीत. शपथ घ्यायला गीता किंवा कुराण समोर धरत नाहीत. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्हींपैकी एक तोंडी घेतली जाते. ज्युरी तर मुळीच आणू नये. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा ‘दोषी नाही’ म्हणून कौल दिला, न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे इंग्रजी कथेतला वकील बारा सामान्य माणसांना हसवून जिंकतो तसा आपला वकील जिंकू शकत नाही. त्याच्यासमोर एकच श्रोता आहे आणि त्या श्रोत्याने असले विनोद हजार वेळा ऐकलेत. ही अडचण वाटते, पण लेखकाच्या ती फायद्याची आहे. विनोद वकिलाच्या फटकेबाजीतून काढायचा मोह सुटतो आणि तो साक्षीदाराच्या साध्या उत्तरातून काढावा लागतो.

आरोपीला पिंजऱ्यात उभं करून सरकारी वकिलाने त्याची भंबेरी उडवणं, हीही अशीच उसनी गोष्ट. आपल्याकडे सरकारी पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्ध आलेल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारतात. ते शपथेवर नसतं आणि चुकीच्या उत्तराबद्दल शिक्षाही होत नाही. आरोपी स्वतःहून साक्षीदार होऊ शकतो, पण तसं क्वचितच होतं. म्हणून कथेचा कळस आरोपीच्या कबुलीत ठेवू नका. तो फिर्यादी पक्षाच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत ठेवा.

कलमांचे आकडे तारखेवर ठरतात. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. बोलण्यात ‘चारसोबीस’ राहिलं आणि कागदावर आकडा बदलला, यात शिरस्तेदार आणि जुन्या हवालदाराचा एक सुरेख संवाद लपलेला आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पोलिसांच्या जबाबाचा. लेखक वकिलाच्या हातात जबाब देतात आणि तो भर कोर्टात वाचून दाखवतो, ‘हे बघा, हा खोटं बोलतोय!’ असं होत नाही. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, आणि बचाव पक्षाला तो फक्त त्या सरकारी साक्षीदाराला खोडण्यासाठी वापरता येतो. पद्धत ठरलेली आहे. समजा, बादलीच्या प्रश्नांनी अडचणीत येऊन खजिनदार कोर्टात म्हणाले, ‘मी पावणेसातच्या आधीच उठलो होतो.’ मग आधी त्यांना जबाबातला नेमका तेवढाच भाग दाखवायचा: ‘साडेसातला उठलो असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?’ ते म्हणतील, ‘मी असं सांगितलं नाही.’ मग तो भाग ‘अ’ म्हणून खुणावून ठेवायचा. पुढे तपास अधिकारी साक्षीला आले की त्यांना विचारायचं, ‘भाग अ साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला का?’ ते ‘हो’ म्हणाले की विसंगती सिद्ध झाली. दोन पायऱ्या, दोन साक्षीदार, मध्ये कदाचित तीन तारखा. कथेत हे गाळलं तर जाणकार वाचक पुस्तक मिटतो. ठेवलं तर ताण आपोआप वाढतो, कारण बादली आणि ‘हो’ यांच्यामध्ये अख्खा महिना जातो आणि तेवढ्यात चाळीत काय काय बोललं जातं ते लिहायला जागा मिळते.

खुनाशिवायही चालतं, हे मात्र मनापासून सांगतो. मुंबईत धोबी तलावाजवळचं लघुवाद न्यायालय आहे, तिथे घरमालक आणि भाडेकरूंचे दावे पिढ्यान् पिढ्या चालतात. १९७१ सालची भाडेपावती १९७४ नंतर आलेल्या नमुन्यावर छापलेली का, एवढ्यावर एक उत्तम रहस्य उभं राहतं. सहकारी संस्थांचे वाद सहकार न्यायालयात जातात, १९६० च्या कायद्याच्या कलम ९१ खाली. सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतलं पान कोणी बदललं, गच्चीची किल्ली त्या रात्री कोणाकडे होती, गळतीचं पाणी खरोखर वरच्या मजल्यावरूनच येत होतं का: ही कोडी खरी आहेत, कोणी मरत नाही, आणि प्रत्येक मुंबईकराला साक्षीदार ओळखीचे वाटतात. रात्री वाचायला याहून चांगलं काय हवं?

लिहायला बसण्याआधी दोन दिवस कोर्टात जाऊन बसा. फौजदारी न्यायालय हे खुलं न्यायालय असतं. न्यायाधीशांनी मनाई केली नसेल तर जागा असेपर्यंत कोणीही बसू शकतं. ओव्हल मैदानासमोर जुन्या सचिवालयाच्या इमारतीत सत्र न्यायालय भरतं. फोन बंद ठेवा, चित्रण किंवा ध्वनिमुद्रण करू नका, न्यायाधीश आले की उभे राहा, साक्ष चालू असताना ये-जा टाळा. बाहेर लावलेल्या बोर्डावर ज्या प्रकरणापुढे ‘पुरावा’ असं लिहिलंय तीच खोली निवडा. जिथे नुसत्या तारखा पडतायत तिथे हाती काही लागत नाही. मागच्या बाकावर बसून वहीच्या डाव्या पानावर साक्षीदार बोलला ते शब्द लिहा आणि उजव्या पानावर न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितलं ते. डावं पान भरेल आणि उजव्यावर दोन ओळी असतील.